भिंत अजून पुढं आहे

…आणि वर मलाच विचारतात, "बाई, पण तुम्ही पाण्यात पडलातच कशा?" कशा म्हणजे? माणूस पडतं तशी पडले! आधी पाय गेला, मागून मी गेले! त्यात विचारण्यासारखं काय आहे? विचारायचंच असेल तर हे विचारा की पडल्यावर मी ओरडले का नाही. ते विचारा ना! ते कोणी विचारत नाही. पेपरात फोटो आला, तो पण ओल्याचिंब अवस्थेतला, केस तोंडावर, एक चप्पल गायब… आणि खाली छापलंय, 'संघाच्या प्रशिक्षिका'. प्रशिक्षिका! आमच्या ह्यांनी तो फोटो कापून फ्रिजवर लावलाय. दूध काढायला गेलं की मी मलाच दिसते, बुडताना.

तुम्हाला सांगते, मी शाळेत शिवण शिकवते. काज, बटण, धावदोरा, उलटी टीप, आणि वरच्या वर्गाला फार तर बाहीचा झगा. गळ्यात कायम मापाची टेप. पोरी म्हणतात, बाई झोपताना पण टेप काढत नसतील. आता मला सांगा, पाण्याशी माझा संबंध काय? आंघोळीपुरता! तो पण बादलीतला. पाणी घोट्याच्या वर आलं की माझं देवाचं नाव सुरू.

तर झालं काय, आमच्या शाळेला पोहण्याचा तलाव आहे. जुना आहे, पण आहे. आणि त्यात पोहायची कोण? मुलं. का? तर आधीपासून मुलंच पोहतात म्हणून! मग एक दिवस सहा पोरी उठल्या आणि थेट हेडसरांच्या खोलीत. पुढं कोण, तर आमची सुसाट. नाव वेगळं आहे हो तिचं, पण शाळेत सुसाटच म्हणतात. पोरगी चालत नाहीच, जिना पण दोन-दोन पायऱ्यांनी उतरते. घरी धाकटी भावंडं, आजारी आजी, दिवसभर आईचं एकच, "हळू चाल, हळू बोल, दार हळू लाव." ती म्हणाली, "सर, आम्हाला पण पोहायचंय. संघ करायचाय." हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, पोरी तिथंच उभ्या. मग काय करतात? म्हणाले, ठीक आहे, रोज एक तास देऊ, पण बरोबर बाईमाणूस हवं.

आणि शेवटचा तास मोकळा कोणाचा? माझा!

"सर," मी म्हटलं, "मला पोहता येत नाही."

"अहो बाई, तुम्हाला कुठं पोहायचंय? पोहायचंय मुलींना!"

"सर, पाण्याशी माझा संबंध काय?"

"तुम्ही काठावर थांबा. काठ कोरडाच असतो."

काठ कोरडाच असतो! हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलंय. जन्मभर ठेवणार आहे.

घरी सांगितलं तर आमचे हे पेपरातून तोंड बाहेर न काढता म्हणाले, "तू? पोहायला? तू गच्चीवरच्या टाकीत डोकावतेस तेव्हा मला तुझा पाय धरून उभं राहावं लागतं." म्हटलं, पोहणार पोरी आहेत, मी फक्त शिकवणार आहे. त्यावर माणूस इतका हसला, इतका हसला, की चहा नाकातून आला. पण मी पण काय कमी आहे का? शिकवणं हा माझा धंदा आहे. ज्याला शिकवता येतं, त्याला काहीही शिकवता येतं. त्याला स्वतःला ते यायलाच हवं, असं कुठं लिहिलंय?

बरं, आख्ख्या गावात मुलींचा असा संघ आधी कधी झालेलाच नाही. म्हणजे विचारायला कोणी नाही आणि नावं ठेवायला सगळे! सगळ्यांत पुढं शिट्टी सर. हे मुलांच्या संघाचे. यांच्या गळ्यात शिट्टी असते असं नाही, शिट्टीच्या खाली सर लटकलेले असतात. पहिल्याच दिवशी आले, "हे बघा बाई (फुर्रर्र!), मुलं तलावात लांबीनं पोहतात. तुमच्या मुली आता नवशिक्या. त्यांना रुंदी पुरे." आणि उथळ टोकाला दोर बांधून एक पट्टा दिला. आडवा! हात मारला न मारला तोच भिंत. तलाव कसला, ट्रंकेत पोहल्यासारखं! सुसाट तोंड वाकडं करून बघत राहिली. मी म्हटलं, "अगं, आडवं का असेना, पाणी ओलंच आहे. उतर."

शिकवलं कसं विचाराल तर अगदी सोप्पं. धावदोरा! सुई कशी, कापडात खाली, वर, खाली, वर. तसं तोंड पाण्यात, बाहेर, पाण्यात, बाहेर. हात म्हणजे दोरा ओढल्यासारखा, लांबवर. मधेच झोल नको. आणि भिंत आली की उलटी टीप. कोलांटी मारायची, भिंतीला पाय लावायचे, परत फिरायचं. त्या पोरी इतक्या आडव्या फेऱ्या मारायच्या की उलट्या टिपेत त्यांचा हात धरणारं कोणी उरलं नाही. शिट्टी सर पण चोरून बघायचे. मी बघायचे ना, त्यांना बघताना!

पोहायचे कपडे पण पहिले मीच शिवले. शिवणार नाही तर काय! सुती कापड, कमरेला दुहेरी शिलाई, झालर. दिसायला काय सुरेख! पोरी पाण्यात उतरल्या आणि कपड्यांत हवा भरली हो… सहाच्या सहा पोरी फुग्यासारख्या तरंगायला लागल्या. हात मारतायत, पाय मारतायत, बुडता बुडेनात! पुढं शाळेनं दुकानातून नीट कपडे आणून दिले. पण मी म्हणते, पाण्याची भीती गेली कशामुळं? माझ्या झालरीमुळं!

आता मुद्द्याचं ऐका, कारण पुढचं सगळं रामायण यावर आहे. आमच्या तलावाचं पाणी हिरवं. शेवाळी हिरवं. त्यात डोळे उघडे ठेवून बघणार काय? आणि चुरचुरतात ते वेगळंच. म्हणून पोरी डोळे मिटून पोहायच्या. मग भिंत कळणार कशी? पहिल्याच आठवड्यात सुसाटनं भिंतीला असं डोकं दिलं की कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मी म्हटलं, हे काही खरं नाही. तेव्हापासून मी भिंतीपाशी उभी राहायचे आणि पोरगी जवळ आली की ओरडायचे, "भिंत!" की तिनं मारलीच कोलांटी. मग धावत पलीकडे जायचं, तिथून "भिंत!" पुढं पुढं तर 'भिंत' म्हणायची पण गरज राहिली नाही. मी शिंकले तरी पोरी फिरायच्या. बाईंचा आवाज आला की भिंत आली. हाताला वळण लागतं ना, तसं कानाला लागलं.

आणि सहाजणींतली सहावी होती ती डुबुक. हिला पोहण्यापेक्षा फळीवरून उडी मारायची हौस. फळी खोल टोकाला, म्हणजे शिट्टी सरांच्या राज्यात. मुलं कपडे बदलायला गेली रे गेली की ही धावत फळीवर. सुरुवातीला पाण्यात पडायची तेव्हा आवाज यायचा, 'डुबुक!', आणि निम्मा तलाव बाहेर. करता करता इतकी सफाई आली की नाव डुबुक राहिलं, आवाज गेला.

सगळं छान चाललेलं. आणि छान चाललेलं कोणाला बघवतं? शिट्टी सर हेडसरांकडे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी हेडसर मला म्हणतात, "बाई, मोठ्या शहरात शाळांच्या स्पर्धा आहेत. मुलींना न्या. एक तरी पदक आणा. नाहीतर काय आहे… तो तास, तो पट्टा मुलांना परत द्यावा लागेल."

"आणि मुली?"

"मुलींना काय, शिवण आहेच की!"

असा राग आला तुम्हाला सांगते! शिवण आहेच की! माझ्याच विषयानं माझ्याच पोरींना मारायला निघाले! पोरींना सांगितलं. सुसाट म्हणाली, "बाई, आख्ख्या दिवसात तेवढ्या एका तासात मला कोणी 'हळू' म्हणत नाही. तो पण गेला तर मी काय करू?" मी म्हटलं, "जात नाही. मी आहे ना!" पोहता येत नाही, पण बोलायला काय जातंय?

गेलो. हे पण आले, म्हणाले, हे बघायलाच पाहिजे. शिट्टी सर आपली मुलं घेऊन आलेले. तो तलाव मी बघितला. केवढा लांब! समोरचं टोक दिसावं म्हणून मी चष्मा पुसला. पाणी असं स्वच्छ की तळाची फरशी मोजावी. इतर शाळांच्या पोरी उंच, डोक्याला टोप्या, डोळ्यांवर पोहायचे चष्मे. आमच्या सहाजणी म्हणजे लग्नाला चुकून दुसऱ्याच मांडवात शिरल्यासारख्या. मी म्हटलं, "माना वर! धावदोरा तोच आहे, कापड फक्त लांब आहे."

पहिली शर्यत सुसाटची. समोरच्या टोकाला जायचं, परत यायचं. मी बरोब्बर मध्यावर, काठाला लागून बसलेली. शिट्टी वाजली. आणि अहो, सवयीनं डोळे मिटून काय सुटली पोरगी! नावाप्रमाणं! सगळ्यांच्या पुढं! माझ्यासमोरून जाताना तर पुढं कोणीच नाही! मला राहवेना, मी ताडकन उठले आणि ओरडले, "शाब्बास!"

पोरीनं मारली कोलांटी.

तिथंच! तलावाच्या मध्यावर! जिथं भिंतच काय, भिंतीचा भाऊ पण नाही! आणि लागली की परत उलटी पोहायला! मी ओरडले, "अगं, भिंत पुढं आहे!" तिनं परत मारली कोलांटी. लागली सरळ जायला. मला इतका आनंद झाला, म्हटलं, "हां, अश्शी!" झालं. परत कोलांटी. आख्खा तलाव हसायला लागला. मी जितकी ओरडतेय तितकी ती फिरतेय. शेवटी आमच्या ह्यांनी मला खाली ओढून बसवलं. ती पोचली शेवटी, पण जिथून निघाली होती तिथंच! भिंतीला हात लावला, बाहेर आली, डोळे चोळत, तोंडभर हसत, "बाई, जिंकले?"

लोक हसतायत हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा असा उतरला… मी म्हटलं, "अगं मधेच का फिरलीस?" तर म्हणते, "तुम्ही हाक मारलीत ना बाई. तुमची हाक आली की भिंत असते."

आता यात चूक कोणाची? माझी? मुळीच नाही. चूक आवाजाची. आवाज माझा असला म्हणून काय झालं?

पुढच्या शर्यतीत मी तोंडाला कुलूप लावलं. चकार शब्द नाही. तर तिच्यातल्या आमच्या पोरीनं समोरच्या भिंतीला थाडकन डोकं दिलं! म्हणजे ओरडलं तर फिरतात, नाही ओरडलं तर आपटतात. माणसानं करायचं काय?

फळीवर डुबुक गेली. सुंदर उड्या मारल्या हो, पण गुण द्यायला पंचांचा हात काही सुटेना. चौथी आली. चौथीला पदक नाही. उरली एकच शर्यत, चौघींची, एकीनं जाऊन यायचं, मग दुसरीनं सुटायचं. शिट्टी सर शेजारी येऊन म्हणाले, "हे बघा बाई, वाईट वाटून घेऊ नका. प्रयत्न केलात ते पुष्कळ." म्हणजे तास गेला, असंच की! मला मेलीला तिथं सुचलं. भिंत जागची हलत नाही ना? मग आवाज हलवायचा! पोरीबरोबर काठाकाठानं धावायचं, तोंड बंद, टोकाला पोचायचं, "भिंत!" ओरडायचं, परत तिच्याबरोबर धावत अलीकडे, तोंड बंद, परत "भिंत!" चार पोरी, म्हणजे चार वेळा जाऊन येऊन. धावण्याची भीती नव्हती मला. भीती होती ती गप्प राहण्याची! मी आणि गप्प? जन्मात कधी जमलेलं नाही. म्हणून गळ्यातली टेप काढली, घडी केली आणि दातात धरली. टोकाला पोचले की काढायची, ओरडायचं, की परत तोंडात.

शिट्टी वाजली आणि आम्ही सुटलो. मी म्हणतेय आम्ही, कारण धावले ना मी पण! अंगातला झगा एका हातात गोळा केलेला, टेप दातात, चपला फटक फटक. पंच म्हणतायत, "बाई, हळू!" कोणाला सांगता? भिंत! धावा. भिंत! पहिली आली, दुसरी सुटली. भिंत! धावा. तिसरी. आम्ही पाचव्या होतो, वळताना चौथ्या झालो. कशावर? उलट्या टिपेवर! लांबीनं पोहणाऱ्या पोरींना भिंत क्वचित भेटते, आमच्या तर भिंतीच्या माहेरवाशिणी! आणि चौथी सुटली सुसाट. गेली, मी गेले, भिंत!, कोलांटी मारली ती अशी की तिसऱ्या नंबरावरच्या पोरीच्या पायाशी पोचली. आता फक्त परत यायचं. मी वळले, धावले… आणि मध्यावर आले तर काठ ओला.

काठ कोरडाच असतो म्हणे!

पडले. कडेच्या रिकाम्या पट्ट्यात, खोल पाण्यात. डोक्यावर पाणी. वर आले, नाकात पाणी. एक चप्पल गेली. ओरडायला तोंड उघडणार, एवढ्यात शेजारच्या पट्ट्यातून सुसाट जाताना दिसली. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला: ओरडले, तर पोरगी फिरेल! मधेच फिरेल, आणि सगळं गेलं! पदक गेलं, तास गेला, घरी परत 'हळू चाल, हळू बोल'. आता तुम्ही सांगा, बुडणाऱ्या माणसाला दुसरं काय येतं? ओरडणंच येतं ना? तेवढं एक करायचं नाही! मी टेप अशी आवळली दातांत, अशी आवळली, की दाढ अजून दुखतेय. हात मारतेय, पाय मारतेय, मनात सगळे देव, सगळे नवस, आणि तोंडातून 'मम्' पण नाही! आणि मला तारलं कोणी? झग्यानं! स्वतः शिवलेला, सुती, घेरदार. हवा भरली त्यात. मी आपली फुग्यासारखी वर-खाली, वर-खाली. आमचे हे नंतर म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा तू काही न बोलता इतका वेळ होतीस, मला तेव्हाच शंका आली."

सुसाट पुढं गेली. हाक आली नाही, म्हणून थांबली नाही. हाक नाही, म्हणजे भिंत नाही. ओढत राहिली, ओढत राहिली, ओढत राहिली… आणि खाडकन कपाळ भिंतीला!

तिसरी! अहो तिसरी! कांस्य का असेना, पदक ते पदक!

शर्यतीतल्या सगळ्यांत शेवटच्या पोरीचा हात भिंतीला लागलेला बघितला आणि मग मी टेप अर्धवट सोडून ओरडले, "बुडले!" काय आवाज फुटला म्हणून सांगू! सगळे इकडं वळले. डुबुक तेव्हा फळीशीच होती. धावत वर गेली आणि तिथून जी उडी मारली तिनं… सरळ, सुईसारखी, एक थेंब उडाला नाही. जन्मातली सगळ्यांत सुंदर उडी! आणि पंच? पंच सगळे माझ्याकडे बघत होते! तिनं टेपचं टोक धरलं, दुसरं माझ्या दातात, आणि ओढत काठाला आणलं. तोच तुमचा फोटो.

वाटलं, संपलं. कुठलं! चौथ्या आलेल्या शाळेचे सर तावातावानं आले, "शर्यत चालू असताना यांच्या संघाचं माणूस पाण्यात पोहत होतं! यांना बाद करा!" मोठे पंच माझ्याकडे बघतात, मी ठिबकतेय. "बाई, तुम्ही पोहत होतात?"

मी तोंड उघडायच्या आत शिट्टी सर पुढं! हो, तेच! "साहेब, या बाईंना पोहता येत नाही! मी लिहून देतो!" पोरी सहाच्या सहा ओरडल्या, "नाही येत! अज्जिबात नाही येत!" मागून आमचे हे गर्दी बाजूला सारत आले, "साहेब, मी यांचा नवरा. शपथेवर सांगतो, काही म्हणजे काहीच येत नाही!" आयुष्यात इतक्या माणसांनी एकमुखानं माझी बाजू पहिल्यांदाच घेतली. पंच विचार करून म्हणाले, "बुडणं म्हणजे पोहणं नव्हे. पदक कायम."

सुसाटच्या कपाळाला टेंगूळ, गळ्यात पदक. मला मिठी मारून रडायला लागली. मी पण रडले. एवीतेवी ओलीच होते.

तास राहिला. नुसता राहिला नाही, शिट्टी सरांनी स्वतःच्या हातानं तो आडवा दोर सोडला. पोरी आता लांबीनं पोहतात, डोळे उघडून, चष्मे लावून. यंदा चाळीस पोरींनी नावं दिलीत! मला वाटलं, सुटले. पदक आणलं, संघ उभा केला, आता पाण्याशी माझा संबंध काय? आंघोळीपुरता! तर हेडसरांनी बोलावलं. म्हणाले, "बाई, अभिमान वाटतो. पण पुन्हा असा प्रकार नको. प्रशिक्षिकेला पोहता आलंच पाहिजे." आणि शिकवणार कोण? पोरी! आडवा पट्टा परत बांधलाय, खास माझ्यासाठी. रोज मी पाण्यात, सुसाट काठावर, माझीच टेप गळ्यात घालून. जरा कुठं चार हात मारते, तर कोणीतरी म्हणतं, "शाब्बास बाई!", आणि आवाज आला की मला वाटतं आली भिंत. मी तिथंच उभी राहते. आणि मग चाळीस पोरी एका सुरात ओरडतात…

परवा हेडसरांनी विचारलं, "काय बाई, कुठवर आलं पोहणं?"

म्हटलं, "काय सांगू सर… भिंत अजून पुढं आहे!"